दूरस्थांचे सान्निध्य

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या शिक्षककक्षात एक वाद झाला. विषय नेहमीचाच होता: मुलांच्या हातातील मोबाइल, त्यांचे न लागणारे लक्ष, आणि एकाच खोलीत बसून चार दिशांस तोंडे केलेली घरची माणसे. एक तरुण सहकारी म्हणाले की, ज्या शास्त्रज्ञांनी संगणकांचे हे जाळे विणले त्यांस पुढे काय होणार याची सुतराम कल्पना नव्हती. त्यांनी एक यंत्र घडविले आणि जगाच्या अंगावर सोडून दिले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र हे विधान खरे वाटले नाही, आणि ते का वाटले नाही हे मधल्या सुटीच्या दहा मिनिटांत सांगणे शक्य नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

माझा अधिकार किती, हे प्रथम सांगितले पाहिजे. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्राच्या पोटात काय चालते हे समजावून देण्याची माझी पात्रता नाही. परंतु कोणी, केव्हा, काय लिहिले आणि त्यातले काय खरे ठरले हे ताडून पाहणे हे काम आमच्या शाखेचेच आहे. ते करू गेले असता असे दिसते की, आंतरजालाच्या आद्य प्रवर्तकांनी पुढचे चित्र पुष्कळच अचूक पाहिले होते. ते चुकले असतील तर जे दिसले त्याचे मोल ठरविताना चुकले. त्या मोलाची पारख त्यांच्याही कितीतरी आधी ज्याने केली तो गृहस्थ शास्त्रज्ञ नव्हता, कथालेखक होता. आणि पुढे काही महिने तो आपल्याच माळव्यात एका मराठी संस्थानिकाच्या पदरी नोकरीस राहिला होता. त्याच्याकडे येण्यापूर्वी शास्त्रज्ञांचे म्हणणे पाहू.

जे. सी. आर. लिकलायडर हे नाव आपल्या वाचकांस फारसे परिचित नसावे. हे मूळचे मानसशास्त्रज्ञ; माणसाच्या कानास आवाज कसा उमगतो हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९६० साली त्यांनी मनुष्य आणि संगणक यांच्या सहजीवनावर एक निबंध लिहिला. १९६२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील 'आर्पा' या संशोधन संस्थेत संगणक-विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि पुढच्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांनी सहकाऱ्यांस एक टिपण धाडले. त्यात दूरदूरच्या संगणकांस जोडणाऱ्या एका जाळ्याचा विचार होता, आणि त्या कल्पित जाळ्यास त्यांनी थट्टेने 'आंतर-आकाशगंगीय' असे नाव दिले होते. ज्या काळी एका संगणकास एक मोठी खोली पुरत नसे, त्या काळातील ही थट्टा आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा लेख १९६८ च्या एप्रिलमधला. तो लिकलायडर यांनी रॉबर्ट टेलर या सहकाऱ्यासह लिहिला. संगणक हे केवळ आकडेमोडीचे यंत्र नसून माणसांनी माणसांशी बोलण्याचे साधन होणार आहे, हे त्याचे प्रतिपाद्य. कालक्रम ध्यानात घ्यावा: त्या जाळ्यावरून दोन संगणकांमध्ये पहिला संदेश गेला तो २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, आणि तोही पुरता गेला नाही, दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. म्हणजे लेख आधीचा, जाळे नंतरचे.

त्या लेखातील मध्यवर्ती विचार असा. आपला निकटचा संबंध कोणाशी यावा हे आजवर योगायोगाने ठरत आले: आपण कोठे जन्मलो, कोठे बिऱ्हाड मिळाले, शेजारी कोण आले. जाळ्यावरील मनुष्य या योगायोगातून सुटेल. ज्यांच्याशी त्याची आवड जुळते, उद्दिष्ट जुळते, अशांना तो निवडून घेईल, मग ते कितीही दूर असोत. आणि म्हणून तो अधिक सुखी होईल. लेखकद्वयाने आणखी एक कल्पना मांडली. प्रत्येकाच्या दिमतीस यंत्रातच राहणारा एक अदृश्य चाकर असेल. तो धन्याच्या सवयी शिकेल, आलेले निरोप चाळील, काय दाखवावे आणि काय बाजूस ठेवावे हे ठरवील. या चाकरास त्यांनी ऑलिव्हर असे नावही दिले होते. आज आपल्या सवयी पाहून आपणांस काय दिसावे हे ठरविणारी जी यंत्रणा आहे ती ऑलिव्हरचीच वंशज म्हणावी लागेल. फरक इतकाच की, या चाकराचा पगार आता दुसरा कोणी देतो.

एक भाकीत साफ फसले. नित्य नवी यंत्रे निघणार, आणि त्यांच्याशी जाळ्याची आज्ञावली जुळवून घेण्याचे काम इतके अफाट असणार की, बेकारी पृथ्वीतलावरून कायमची नाहीशी होईल, असे त्यांनी लिहिले. हे अर्धे विनोदाने लिहिले असावे असे मला वाटते. तरी माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी एखाद्या पदवीधरास ते दाखविण्याचे धैर्य मला होणार नाही.

परंतु या सुखस्वप्नास त्यांनी स्वतःच एक अट जोडली होती, आणि माझ्या मते त्या लेखातील सर्वांत द्रष्टेपणाचा भाग तो. जाळ्यावर असणे हा सर्वांचा हक्क ठरेल की मूठभरांची सवलत? सवलत ठरली, तर बुद्धीच्या संधींमध्ये आधीच असलेली दरी हे जाळे आणखी रुंद करील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या अटीकडे पुढे परत यावयाचे आहे.

त्याच सुमारास इतरही काही जणांनी धोक्याच्या जागा दाखविल्या. संदेशाचे तुकडे करून ते निरनिराळ्या वाटांनी धाडावेत ही युक्ती ज्यांनी प्रथम मांडली त्यांपैकी पॉल बॅरन हे एक. १९६६ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढे साक्ष देताना त्यांनी खासगी जीवनाविषयी इशारा दिला. त्याचा मथितार्थ असा की, कोणाचाही कट नसताना, निरनिराळ्या कामांसाठी ठेवलेल्या नोंदी यंत्रांनी एकमेकींस जोडल्या गेल्या की माणसाचे संपूर्ण दप्तर आपोआप तयार होईल. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी; म्हणजे त्या साक्षीनंतर ५१ वर्षांनी. १९६६ सालीच जोसेफ वायझेनबॉम यांनी रुग्णाचे वाक्य प्रश्नाच्या रूपाने त्यालाच परत करणारा एक संवादी कार्यक्रम रचला. तो घडताना डोळ्यांनी पाहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनी त्या यंत्राशी दोन वाक्ये बोलल्यावर, 'आपण जरा खोलीबाहेर जावे' अशा अर्थाची विनंती केली. वायझेनबॉम या प्रसंगाने इतके अस्वस्थ झाले की, १९७६ मध्ये त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर एक सबंध ग्रंथ लिहिला. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ च्या एका निबंधात माहिती ही कशावर जगते असा प्रश्न विचारून, ती घेणाऱ्याच्या अवधानावर जगते असे उत्तर दिले. माहितीचा सुकाळ म्हणजे अवधानाचा दुष्काळ, हे ओघानेच आले. शिक्षककक्षात आम्ही ज्याबद्दल हळहळत होतो ते एवढेच होते.

आता त्या कथालेखकाकडे वळू. ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही दीर्घकथा १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा रेडिओचे प्रक्षेपणही सुरू झाले नव्हते. कथेतील माणसे भूमीच्या पोटात, मधमाशीच्या पोळ्यातील घराप्रमाणे षट्कोनी अशा खोल्यांत एकेकटी राहतात. हवा, प्रकाश, अन्न, संगीत, सारे काही कळ दाबताच यंत्र पुरविते. वॅश्टी नावाच्या प्रौढ स्त्रीची ओळख हजारो माणसांशी आहे, आणि त्यांतील एकाच्याही शेजारी ती कधी बसलेली नाही. ती संगीताच्या इतिहासावर दहा मिनिटांचे व्याख्यान देते. श्रोते आपापल्या खोल्यांत बसून ते ऐकतात. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास राहणारा तिचा मुलगा कुनो (आपल्या प्रदेशातील चित्त्यांच्या कूनोशी या नावाचा संबंध नाही) तिला एका तबकडीवर दिसतो आणि एकच मागणे मागतो: मला यंत्रातून भेटू नकोस, येथे येऊन भेट. आईस या मागणीचा अर्थच कळत नाही. दिसतो आहे, बोलतो आहे, आणखी भेटावयाचे ते काय?

येथे फॉर्स्टर यांनी एक बारीक गोष्ट टिपली आहे. तबकडीवर मुलाचा चेहरा दिसतो, परंतु चेहऱ्यावरील छटा दिसत नाही. तो उदास असावा असे वॅश्टीला वाटते, पण तिची खात्री होत नाही, कारण माणसाच्या मुद्रेतील सूक्ष्म भेद यंत्र पोहोचवीत नाही. व्यवहारास पुरेल इतपत सामान्य आकृती तेवढी दाखविते. आणि व्यवहारास पुरेल इतपत असलेले पुरे मानून घेण्याची सवय त्या समाजास जडलेली आहे. पुढे ती विमानातून मुलाकडे जाते तेव्हा हिमालय दृष्टीस पडताच खिडकीचा पडदा ओढून घेते. त्यात तिला कल्पना सुचण्यासारखे काही आढळत नाही. तोल जात असता सेविकेने हात धरला म्हणून ती संतापते, कारण परस्परांस स्पर्श करण्याची चालच उरलेली नाही. शेवटी यंत्र बिघडू लागते. प्रथम संगीतात खरखर येते, मग स्नानाच्या पाण्यास दुर्गंधी येते. लोक आधी कुरकुरतात, मग बिघाडाचीच सवय करून घेतात, आणि यंत्र एके दिवशी थांबते.

या कथेचा कर्ता १९१२ साली प्रथम हिंदुस्थानात आला आणि १९२१ मध्ये देवास थोरली पाती संस्थानचे अधिपती तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. देवास भोपाळहून सुमारे १५० किलोमीटर. एकाच गावात थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थाने, मधे चामुंडेची टेकडी, दरबारची भाषा मराठी. तेथील गोकुळअष्टमीचा उत्सव फॉर्स्टर यांनी जवळून पाहिला, अंगावर गुलाल घेतला, आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीच्या अखेरच्या भागात तो उत्सव आणला. त्या भागात प्राध्यापक गोडबोले कीर्तनाच्या रंगात उभे आहेत आणि तुकोबांच्या नावाचा गजर चालला आहे. इंग्रजी कादंबरीत तुकाराम महाराज आले ते देवासमार्गे, ही गोष्ट आपल्याकडील अभ्यासकांनी अधिक आवर्जून सांगावयास हवी. ती कादंबरी ज्यांस अर्पण केली ते सर रास मसूद पुढे भोपाळ संस्थानचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९३७ च्या जुलैमध्ये येथेच निवर्तले. कवी इक्बाल उपचारांसाठी भोपाळास आले असता ज्या रियाझ मंझिलमध्ये उतरले, ते मसूद यांचे निवासस्थान.

फॉर्स्टर आणि मसूद यांचा परिचय १९०६ चा, म्हणजे यंत्राच्या कथेच्या तीन वर्षे आधीचा. मसूद त्या वेळी इंग्लंडात शिकत होते आणि फॉर्स्टर त्यांस लॅटिन शिकवीत. पुढे मधे समुद्र आला आणि मैत्री बव्हंशी पत्रांवर चालली. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, दूर असलेल्या माणसावर जीव लावणे म्हणजे काय हे ज्यास ठाऊक नाही अशा घरकोंबड्याने ती कथा लिहिलेली नाही. जवळ असण्याच्या योगायोगापासून सुटका झाली की माणूस आपल्या आवडीची माणसे निवडील, हे लिकलायडर यांचे भाकीत फॉर्स्टर यांनी ५९ वर्षे आधी जवळजवळ जसेच्या तसे चितारले आहे. एकास त्यात मुक्ती दिसली, दुसऱ्यास हानी. पत्रे लिहिणाऱ्यास पत्राची मर्यादा कळते, असे मी समजतो. पत्र हे भेटीच्या जागी नसून भेटीच्या वाटेवर असते. म्हणूनच तो मनुष्य बोटीत बसून हिंदुस्थानात आला.

आता लिकलायडर यांची अट. तिची एक परीक्षा देवासच्या पवारांचे भाऊबंद जेथे राज्य करीत त्या धार जिल्ह्यातच झाली. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, आणि तेही प्रथम मोठ्या शहरांत. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, २००० च्या जानेवारीत, धारच्या जिल्हा प्रशासनाने 'ज्ञानदूत' नावाची योजना सुरू केली. निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी असलेला हा जिल्हा. बाजाराच्या आणि पंचायतीच्या गावी 'सूचनालये' उघडली. प्रत्येकात एक संगणक आणि तो चालविणारा गावातलाच शिकलेला तरुण, त्यास 'सूचक' म्हणत. शेतकऱ्याने थोडे शुल्क द्यावे आणि कोणत्या मंडीत सोयाबीनचा काय भाव आहे हे पाहावे, जमिनीच्या खात्याची नक्कल घ्यावी, हातपंप बिघडला अशी तक्रार धाडावी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. त्याच वर्षी या योजनेस स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि धारचे नाव परदेशी विद्यापीठांत पोहोचले.

पुढे अभ्यासक तेथे गेले तेव्हा त्यांस दिसले ते इतके उजळ नव्हते. वीज तासन्‌तास नसे, तारेचा भरवसा नसे, सूचनालयात दिवसाकाठी येणारी माणसे थोडी, आणि त्यांतही अगदी गरीब क्वचित. मंडीतला भाव कळला तरी माल तेथवर नेण्यास गाडी ज्याच्याकडे आहे त्यासच त्या भावाचा उपयोग. मी ज्ञानदूतास अपयशी म्हणणार नाही. देशात पुढे गावोगाव जी सेवाकेंद्रे निघाली त्यांच्या पूर्वजांत त्याची गणना होते. पण हक्क की सवलत हा प्रश्न तार ओढल्याने सुटत नाही, हे धारने दाखविले.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळच्या वेळी मोबाइल वापरण्यास असलेल्या बंदीविरुद्ध एका विद्यार्थिनीने दाद मागितली, तेव्हा २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने आंतरजालाची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, आंतरजालावरून होणारी अभिव्यक्ती आणि व्यापार यांस संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे असे सांगितले. मात्र आंतरजाल मिळणे हाच स्वतंत्र मूलभूत हक्क आहे की नाही, यावर मत दिले नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी शाळा बंद झाल्या. मी तेव्हा एक रजिस्टर केले होते, ते अजून माझ्या कपाटात आहे. त्यात तीन रकाने होते: ज्यांच्या हाती दिवसा मोबाइल आहे, ज्यांच्या हाती तो वडील कामावरून परतल्यावर येतो, आणि ज्यांच्या घरी नाही. मधला रकाना सर्वांत लांब झाला. त्या रकान्यातील मुले रात्री नऊनंतर धडे उघडीत, आणि त्यांच्या वह्यांच्या छायाचित्रांत पिवळा दिवा आणि एखाद्या धाकट्या भावंडाचा पाय दिसे. तिसऱ्या रकान्यातील काही मुले पुन्हा शाळेत आलीच नाहीत. लिकलायडर आणि टेलर यांनी ज्या दरीविषयी लिहिले ती मला या रकान्यांत दिसली.

एक गोष्ट मात्र यांपैकी कोणाच्याच ध्यानी आली नाही, आणि आपल्या दृष्टीने ती लहान नाही. फॉर्स्टर यांच्या कथेत पृथ्वीच्या एका टोकाची आई दुसऱ्या टोकाच्या मुलाशी बोलते. भाषेची अडचण नाही. १९६८ च्या लेखात एकमेकांचे मन समजणे म्हणजे काय याचे सुंदर विवेचन आहे, पण ते मन कोणत्या भाषेत बोलेल हा प्रश्न नाही. जाळ्यावरील माणसे एकच भाषा बोलणार असे सर्वांनी न बोलताच गृहीत धरले. संगणकाच्या आरंभीच्या संकेतावलीत रोमन अक्षरांपलीकडे जागाच नव्हती. देवनागरीस ती मिळवून देण्याचे काम आपल्याकडे झाले. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत आरंभलेले संशोधन पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावली ठरली, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरी पुढे कित्येक वर्षे एकाने धाडलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर चिन्हांचा चिवडा होऊन उमटत असे. मराठी विकिपीडिया सुरू झाला तो १ मे २००३ रोजी. तोवर पुष्कळांच्या बोटांस रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय जडून गेली होती.

भोपाळच्या मराठी माणसास याचे महत्त्व अधिक वाटावे असे कारण आहे. भोपाळ हे मराठ्यांचे संस्थान नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी येथे आली, आणि नागपूरच्या सचिवालयातील पुष्कळ मराठी कारकून आणि अधिकारी बिऱ्हाडे घेऊन येथे आले. माझे वडील त्यांपैकी एक. तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरांच्या रांगेत शेजारी कोण यावे हे वाटपाच्या यादीवर ठरे. आमच्या रांगेत वऱ्हाडचे दोघे, ग्वाल्हेरचे एक, इंदूरचे एक अशी घरे लागून आली, आणि आमची मराठी त्या ओट्यावर घडली. वऱ्हाडी हेल, ग्वाल्हेरी अदब आणि भोपाळी हिंदी यांची ती खिचडी कोणी निवडून घेतलेली नव्हती. लिकलायडर ज्यास योगायोगाचे बंधन म्हणतात ते आमच्याकरिता शाळेहून अधिक होते. आता त्या भागातील पुष्कळ क्वार्टर पाडले गेले, आणि रांगेतील मुले पुणे, बंगळूर, टोरांटो अशी पांगली आहेत. त्यांनी जुन्या शेजाऱ्यांचा एक गट मोबाइलवर केला आहे. तो नसता तर आमच्यातील निम्म्या लोकांची खबरही एकमेकांस नसती, हे मी कबूल करतो.

त्या गटावर नातवंडे जे लिहितात ते मराठीच असते, पण बव्हंशी रोमन अक्षरांत. माझी आई नागपूरच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. तिला रोमन लिपी येत नाही. ध्वनिमुद्रित निरोप तिला आवडत नाहीत, कारण ते कळण्याआधीच संपतात असे ती म्हणते. तेव्हा संध्याकाळी शाळेतून आलो की मी चष्मा लावून ओट्यावर बसतो आणि दिवसभराचे सारे निरोप तिला मोठ्याने वाचून दाखवितो. पलीकडच्या घरच्या काकू आपली खुर्ची घेऊन येतात. त्यांच्या नातवाचा निरोप आला नसला, तरी त्या बसून असतात.